सगळ्यांची खोली

“एकट्या माणसाला अख्खी खोली लागते कशाला, एवढंच मी विचारतेय,” वन्संनी टोस्टवर लोणी फासता फासता पुन्हा विचारलं.

“अख्खी?” बाई म्हणाल्या. “वन्सं, पुस्तकांच्या गर्दीत त्या खोलीचं दार पुरतं उघडायचं तर मला खुर्चीवरून उठावं लागतं.”

“मग उघडंच ठेवावं. लावून घेता म्हणून उठायची वेळ येते.”

“दार लावल्याशिवाय मला सुचत नाही.”

“ऐक दादा! आपण सगळे उघड्या दाराने विचार करणारी साधी माणसं. वहिनींना मात्र कडी लावून सुचतं.”

दादा म्हणजे बाईंचा नवरा. त्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. घरात आवाज चढले की तो डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घ्यायचा. चष्मा नसला की त्याला बायकोचा चेहरा दिसत नसे आणि बहिणीचाही. आणि जो चेहरा दिसत नाही त्याची बाजू घ्यायचा प्रश्नच उरत नाही. आत्ताही तो भिंगावर फूं फूं करत बसला होता.

“अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?”

“मी काय बोलू? दोघींचंही बरोबर आहे.”

“दोघींचं एकाच वेळी बरोबर असू शकत नाही.”

“दुकानात असतं,” तो म्हणाला. “एकाला जवळचं दिसत नाही, एकाला लांबचं.”

भांडण मागच्या खोलीवरून होतं. बाई त्या खोलीत लिहीत. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर सांगते. बाई राज्यशास्त्राच्या प्राध्यापक, आणि हे सत्र संपलं की त्या निवृत्त होणार होत्या. निवृत्त झाल्या की विद्यापीठातली खोली जाणार. जाणार कसली, जवळजवळ गेलीच होती. विभागातला एक तरुण सहकारी गेल्या आठवड्यात मोजपट्टी घेऊन आत आला आणि, “बसा मॅडम, बसा, मी फक्त माझं कपाट मावतं का बघतोय,” असं म्हणत त्यांच्या खुर्चीच्या मागून, पायांखालून माप घेऊन गेला. तेव्हा घरातली मागची खोली एवढीच एक जागा उरली होती, आणि बाईंचं पुस्तक अर्धवट होतं. ते पुस्तक झालं नाही तर आपण आयुष्यभर नक्की केलं काय, या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हतं.

बाईंचा विषय लोकशाही, आणि त्यातही लोकानुनय. म्हणजे ‘मी म्हणजेच जनता, माझ्याविरुद्ध बोलेल तो जनतेचा वैरी’ असं सांगत जे पुढारी वर चढतात, त्यांचा अभ्यास. तरुणपणी त्यांनी हा विषय घेतला तेव्हा मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला होता. “अहो, मेलेला विषय आहे हा. लोक शिकले आता. असले पुढारी पुन्हा होणे नाही. तुम्ही नगरपालिकेच्या करआकारणीवर करा, जन्माला पुरेल.” बाईंनी हट्टाने मेलेलाच विषय घेतला. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांचा जेवणानंतर डोळा लागला. जागे झाले तेव्हा बाई एका जुन्या, गाजलेल्या पुढाऱ्याबद्दल सांगत होत्या. “मग पुढे काय झालं त्याचं?” परीक्षकांनी घाईघाईने विचारलं. “वारला,” बाई म्हणाल्या. “अरेरे,” परीक्षक म्हणाले, आणि बाईंना डॉक्टरेट मिळाली.

पुढची कित्येक वर्षं बाईंचा वर्ग विभागातला सगळ्यात शांत वर्ग होता. जी चारदोन मुलं येत त्यातली निम्मी पंख्यासाठी येत. मग एकाएकी जग बिघडलं. या देशात एक, त्या देशात दुसरा, असे बाईंच्या प्रबंधातून उठून आल्यासारखे पुढारी मंचावर उभे राहून छाती ठोकायला लागले, आणि बाईंना आमंत्रणं येऊ लागली. कुठेतरी कोणीतरी न्यायालयाला देशद्रोही म्हटलं की बाईंना परिसंवाद. कुठे वर्तमानपत्र बंद पाडलं की बाईंना बढती. बाईंना याची मनातून लाज वाटे. नवऱ्याला मुळीच वाटत नसे. तो गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवता ठेवता सांगायचा, “आमच्या हिचं सध्या जोरात आहे. दिवस वाईट आहेत ना.”

फक्त पुस्तक पुरं होत नव्हतं. शेवटचं प्रकरण होतं, असा पुढारी जातो कसा. बाईंचं म्हणणं असं, की लोकांचा पुढच्या निवडणुकीत भ्रमनिरास होतो आणि लोकच त्याला घरी पाठवतात. म्हणणं सरळ होतं, पण दाखला टिकत नव्हता. बाईंनी एखादा पडलेला पुढारी शोधून त्याच्यावर मन लावून मजकूर लिहावा, आणि टंकलेखन होईतो तो दुपटीने मतं घेऊन परत यावा. प्रकाशन संस्थेच्या संपादकबाई फोन करून थकल्या होत्या. “मॅडम, एखादा मेलेलाच घ्या ना,” त्या शेवटी काकुळतीने म्हणाल्या. “तो तरी तसाच राहील.”

आता घराकडे येऊ. लग्न झाल्या झाल्या बाईंनी एक प्रथा पाडली होती. या घरात कोणी कोणावर हुकूम चालवायचा नाही, जे काही ठरवायचं ते रविवारी सकाळी टेबलाभोवती हात वर करून ठरवायचं. मुलांना हात वर करता येऊ लागले तशी मुलांनाही मतं मिळाली. मुलांनी पहिल्याच वर्षी भोपळा घरातून हद्दपार केला आणि बाईंनी, स्वतःला भोपळा अतिशय आवडत असूनही, तो निकाल मान तुकवून मान्य केला. शेजारपाजारच्यांनी तोंडात बोटं घातली. बाईंना मात्र वर्गात सांगायला एक हक्काचं उदाहरण झालं.

वन्सं आल्या त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस विश्रांतीला. त्यांचं ब्यूटी पार्लर होतं, ते त्यांनी विकून टाकलं होतं. घर मुलाने विकलं होतं आणि तो सहकुटुंब समुद्रापार गेला होता. पंधरा दिवसांचे महिने झाले. त्या भाचीच्या खोलीत, भाचीच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपत. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, “मी पण हात वर करायचा का?” नवरा म्हणाला, “तू पाहुणी आहेस, तू चहा पी.” तेव्हा बाईच उसळून म्हणाल्या होत्या, “असं कसं? ज्यांच्यावर निर्णय लागू होतात त्या सगळ्यांना मत हवं. मी यावर निबंध लिहिलाय.” म्हणजे वन्संना मताधिकार मिळाला तो बाईंच्या निबंधामुळे. हे पुढे घरात कोणीही विसरलं नाही, वन्सं सोडून.

आणि आता त्याच वन्संनी मागची खोली ‘सगळ्यांची’ करायचा प्रस्ताव आणला होता. मतदान येत्या रविवारी.

जन्मभर माणसांच्या भुवया कोरताना त्यांच्या पोटात शिरणं हा वन्संचा हातखंडा. भाषण म्हणून त्यांनी केलं नाही. भाच्याच्या डोक्यावर तेल थापताना त्या म्हणाल्या, “त्या भिंतीला केवढा मोठा टीव्ही बसेल नाही? खेळाडूच्या नाकावरची माशी दिसेल.” भाचीला म्हणाल्या, “त्याचा फोन आला की बिचारी जिन्यात जाऊन बोलतेस. आपली एक खोली असती तर?” दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “दिवसभर उभा असतोस रे. पाय वर करून पडायची एक खुर्ची त्या खिडकीशी टाकू.” एकाच खोलीत एकाच वेळी सामना, प्रेमाचं बोलणं आणि दादाची झोप ही तिन्ही कशी मावणार, हे कोणी विचारलं नाही.

बाईंनी तरी विचारायचं! पण बाईंची गंमत अशी झाली, की त्या भारावून गेल्या. ग्रंथांत वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर, स्वतःच्या स्वयंपाकघरात घडत होतं. वन्सं म्हणाल्या, “आपण साधी माणसं, त्या शिकलेल्या,” की बाईंना वाटे, अरे, हे तर माझं दुसरं प्रकरण! वन्सं म्हणाल्या, “माझं काय आहे, मी तर तुमच्यासाठीच बोलते,” की तिसरं. बाई डाळीला फोडणी द्यायची सोडून पेन शोधायला धावत. एकदा तर त्यांनी वन्संना मधेच थांबवून, “जरा पुन्हा म्हणता?” असंही विचारलं. वन्सं आनंदाने पुन्हा म्हणाल्या, पहिल्यापेक्षा रंगवून.

“आई, तू प्रचार करत नाहीयेस,” मुलगी शनिवारी म्हणाली.

“मी रविवारी माझी बाजू मांडणार आहे.”

“रविवारी? आत्याची बाजू मांडून झाली, मांडे खाऊन झाले, हात पुसून झाले.”

“तू कोणाला मत देणार आहेस?”

मुलगी केसांशी चाळा करत म्हणाली, “मत गुप्त असतं ना गं? तूच शिकवलंस.”

रविवारी बाई उभ्या राहिल्या. “या प्रश्नाला तीन बाजू आहेत,” त्यांनी सुरुवात केली.

“झालं,” वन्सं म्हणाल्या. “टीव्हीवर बोलावलं होतं तेव्हाही असंच. तीन बाजू म्हणाल्या आणि जाहिरात लागली.”

मुलगा फिस्सकन हसला. नवऱ्याने हसू दाबायला चष्मा काढला. बाईंनी पहिली बाजू नेटाने मांडली, दुसरी निम्मी झाली तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि तिसरी, जी खरी त्यांची स्वतःची होती, ती राहूनच गेली. वन्संच्या बाजूने वन्सं, मुलगा आणि मुलगी. विरुद्ध एकट्या बाई. नवऱ्याने जाहीर केलं, “मी तटस्थ.”

“तुम्ही माझे नवरे आहात,” बाई म्हणाल्या.

“म्हणून तर विरुद्ध नाही गेलो!”

बाईंनी निकाल मानला. पराभव सन्मानाने स्वीकारणं हाच लोकशाहीचा कस, हे त्यांनी इतकी वर्षं इतक्या वर्गांना सांगितलं होतं, की आता न मानून सांगणार कोणाला? पुस्तकं खोक्यांत गेली, खोकी सोफ्यामागे गेली, आणि बाई जेवणाच्या टेबलावर लिहायला बसल्या.

तिथे कसं लिहितात ते लिहून बघावं. ‘बहुमताची मर्यादा’ एवढं शीर्षक टाकलं की, “वहिनी, जरा हात उचला, टेबल पुसते.” पहिलं वाक्य जमत आलं की, “आई, माझे मोजे?” दूधवाला, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरची मैना म्हणावी अशी गप्पिष्ट शेजारीण, सगळे आधी बाईंकडे बघत आणि मग म्हणत, “तुम्ही चालू द्या, चालू द्या,” आणि समोरच्या खुर्चीत बसत. एका पानावर आमटीचा गोल उमटला. संपादकबाईंनी फोनवर विचारलं, “मॅडम, मागे कुकर वाजतोय का?” बाई म्हणाल्या, “नाही, शेवटचं प्रकरण वाजतंय.”

इकडे सगळ्यांच्या खोलीत पहिल्यांदा वन्संचा, घर विकल्यापासून ओळखीच्यांकडे पडून असलेला पलंग गेला, कारण टीव्ही येईपर्यंत रिकामी खोली वाईट दिसते. मग त्यांचं शिलाई मशीन गेलं. मग आरसा, पार्लरमधली फिरती खुर्ची, केस वाळवायचा टोप. टीव्ही पुढच्या महिन्यात येणार होता. दादाची खुर्ची त्याच्या पुढच्या महिन्यात. दुपारी खोलीचं दार लागू लागलं. मग संध्याकाळीही.

एकदा मुलगा सामना बघायला म्हणून फोन घेऊन आत गेला, तो तसाच बाहेर आला. “आत्या म्हणते, ठोठावून यायचं.”

“ठोठावून?” मुलगी म्हणाली. “सगळ्यांच्या खोलीत?”

तीही फोन घेऊन पुन्हा जिन्यात बसू लागली होती. नवरा एका दुपारी दुकानातून दमून आला, दार ढकललं, तर आतून कडी. त्याने हलकेच विचारलं, “अगं, जरा पडू का?” आतून उत्तर आलं, “दादा, जरा लवंडलेय रे. तू बाहेर पड.”

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच नवऱ्याने चष्मा न काढता बायकोकडे बघितलं. “तू रविवारी पुन्हा मतदान लाव,” तो म्हणाला. “या वेळी मी तटस्थ नाही.”

“आम्ही पण तुझ्याकडून,” मुलं म्हणाली.

बाईंनी हिशेब केला. सगळे त्यांच्या बाजूने. त्यांचं शेवटचं प्रकरण शब्दशः खरं ठरत होतं: लोकांचा भ्रमनिरास होतो आणि लोकच परत पाठवतात. जिवंत दाखला, आणि तोही परत निवडून येणार नाही असा! रविवारपर्यंत बाई इतक्या खुशीत होत्या, की आमटीचा गोल पडलेलं पानसुद्धा त्यांनी फाडलं नाही.

रविवारी टेबलाभोवती सगळे जमले. बाईंनी विषय काढायचा अवकाश, वन्सं म्हणाल्या, “परत मतदान? कशाला? लोकांनी कौल दिलाय ना? की तुमच्या मनासारखा लागेपर्यंत विचारतच राहायचं?”

“आत्या, तू टीव्ही आणणार होतीस,” मुलगा म्हणाला.

“आणणारच आहे रे राजा. कालच दुकानात जाऊन बघून आले. केवढा म्हणून सांगू! पण वहिनींच्या पुस्तकांची खोकी सोफ्यामागे, सोफा पुढे, त्यामुळे तो दारातून आत येणार नाही, असं तो दुकानदारच म्हणाला. आता खोकी कोणाची, ते मी बोलत नाही.”

मुलाने सोफ्याकडे बघितलं. मग दाराकडे. बाईंनी ते बघणं बघितलं.

“आणि तुझ्यासाठी,” वन्सं भाचीकडे वळल्या, “एक पडदा शिवतेय. पडद्याच्या आत तू, बाहेर आम्ही. निळा हवा की पिवळा?”

“निळा,” मुलगी म्हणाली आणि जीभ चावली.

“दादा, तुझी खुर्ची तर…”

“मी जरा कुंड्यांना पाणी घालून येतो,” नवरा म्हणाला, आणि उठून गॅलरीत गेला. गॅलरीच्या दाराच्या काचेपलीकडून तो चष्मा पुसताना दिसत होता.

आज मतदान घेतलं तर कदाचित जिंकू, बाईंनी मनाशी म्हटलं. पुढच्या रविवारी निळा पडदा येईल, तेव्हा हरू. मग पुन्हा जिंकू, पुन्हा हरू, आणि पुस्तकाची खोकी आत-बाहेर करता करता आपण म्हाताऱ्या होऊ. रात्रंदिवस पुढाऱ्यांकडे डोळे लावून बसलो, आणि हात कशावर वर करायचा नाही हे ठरवायचं घरातच राहून गेलं. भोपळा ठीक होता. भोपळ्याला पुस्तक लिहायचं नव्हतं.

मग त्यांनी वन्संकडे बघितलं. वन्सं पडद्याचं कापड मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांची बोटं ते कापड उगीचच घट्ट आवळत होती. पार्लर गेलेलं, घर गेलेलं, भाचीच्या पलंगाशेजारी गादी. बाईंना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा लक्षात आलं, की या बाईला टीव्हीही नको होता आणि सत्ताही. तिला आतून लावायला एक कडी हवी होती. आणि ती मिळवायला या घरात दुसरा रस्ताच नव्हता. तो आपणच ठेवला नव्हता.

“मग काय करायचं, आई?” मुलगा हात अर्धा वर करून म्हणाला. “घ्यायचं मतदान?”

“हात खाली घे,” बाई म्हणाल्या.

“का गं?”

“मागच्या खोलीवर मतदान होणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. ती माझी आहे.”

“वा!” वन्सं ताडकन म्हणाल्या. “ही तर हुकूमशाही झाली! आणि जगाला लोकशाही शिकवता?”

“अहो, ऐकलंत का?” बाईंनी गॅलरीकडे तोंड करून आवाज दिला. नवरा कुंडीतल्या झाडाआडून डोकावला. “ही गॅलरी काच बसवून बंद करून घ्यायची. वन्संचा पलंग आणि मशीन तिथे मावतं, इथूनच दिसतंय. ती वन्संची. तिला आतून कडी लावायची, आणि तिच्यावरही कोणी मत मागायचं नाही. मीसुद्धा नाही.”

“कडी स्टीलची हवी,” वन्सं कापडाची घडी घालत पुटपुटल्या. “पत्र्याची वाकते.”

“आणि माझ्या कुंड्या?” नवरा काचेपलीकडून ओरडला. “त्यांचं काय? निदान त्यांच्यावर तरी मत घ्या!”

“कुंड्या गच्चीवर जातील,” बाई म्हणाल्या. “सुताराला उद्या सकाळीच बोलावते. मी आता खोकी आत नेतेय. जेवण ज्याला भूक लागेल त्याने करावं.”